स्टिअरिंगचं बँडेज

गाडीचं स्टिअरिंग जड झालं ते नेमकं त्याच आठवड्यात, ज्या आठवड्यात व्हायला नको होतं. गाड्यांना हे कळतं कसं, देव जाणे. वर्षभर पिदडा, हूं की चूं नाही. आणि तुमचं काही अडलंय असं दिसलं, की लगेच हिचे नखरे सुरू.

सिस्टरचं तस्संच झालं. अकरा वर्षं हॉस्पिटलात रात्रपाळी केलेली नर्स ती. सगळी गल्ली तिला सिस्टरच म्हणायची, एकटे सासरे तेवढे सूनबाई म्हणायचे. सोमवारी सकाळी नऊ वाजता तिला नव्या कामावर हजर व्हायचं होतं. घरोघरी जाऊन पेशंट बघायचे, ड्रेसिंग, इंजेक्शनं, आणि संध्याकाळी सहाला आपल्या घरी. अट एकच. स्वतःची गाडी पाहिजे, आणि तीही ऑफिसच्या माणसाने तपासून पास केलेली. ब्रेक, दिवे, हॉर्न सगळं चालू, आणि डॅशबोर्डवर एकसुद्धा लाल-पिवळा दिवा पेटलेला नको. नापास झालात तर यादीतली पुढची बाई घेणार, असं तिथल्या इन्चार्जबाईंनी तिला एकदा नाही, दोनदा बजावलं होतं.

हे काम तिने का धरलं, ते मात्र तिने घरात कोणाला सांगितलं नव्हतं. नवरा जहाजावर, सहा-सहा महिने पाण्यात. घरात ती आणि सासरे, अप्पा. तीन महिन्यांपूर्वी अप्पा रात्री बाथरूमच्या दारात पडले आणि ती पाळी संपवून येईपर्यंत चार तास थंडगार फरशीवर पडून राहिले. वर तिलाच म्हणाले, "मला काय धाड भरलीये? जरा आडवा झालो होतो." तेव्हापासून वॉर्डात रात्रीचे दोन वाजले की हिला ती फरशी आठवायची. राजीनामा दिला आणि घरी सांगितलं की रात्रपाळीचा कंटाळा आला. म्हाताऱ्याला आपलं ओझं झालं असं वाटायला नको, म्हणून एवढी लपवाछपवी.

तर अशा मोक्याला डॅशबोर्डवर स्टिअरिंगचा दिवा पेटला आणि चाक वळवायला दोन्ही हातांचा जोर लागायला लागला. गॅरेजवाला म्हणाला, गिअरच बदलावा लागेल. गिअर म्हणजे पुढच्या दोन चाकांच्या मधे आडवा बसवलेला हातभर लांब लोखंडी प्रकार, त्याच्या पोटात विजेची मोटर; ती मोटर आपल्या बदली चाकं वळवते. "बदलून द्या की मग," सिस्टर म्हणाली. त्याने वही उघडली, पानं उलटली आणि तीन आठवड्यांनंतरची तारीख दिली. बाकीच्या दोन गॅरेजांतही तेच रडगाणं.

"तीन आठवडे?" अप्पा उसळलेच. "काही नको. मी करतो."

अप्पा बसच्या डेपोत चाळीस वर्षं फिटर होते. आता वय एकाहत्तर, गुडघे कुरकुरतात, एका कानाने कमी ऐकू येतं. सिस्टरने समजावून पाहिलं, चिडून पाहिलं, नवऱ्याला फोनवरून बोलायला लावलं. उपयोग शून्य. अप्पांनी परस्पर नवा गिअर मागवलासुद्धा. शुक्रवारी खोकं दारात येऊन पडलं, तेव्हा तिने हात टेकले.

शनिवारी सकाळी घरासमोर गाडी लोखंडी घोड्यांच्या टेकूवर चढवली, पुढची चाकं काढली आणि अप्पा पुठ्ठा अंथरून खाली सरकले. आणि मग जी काही जुगलबंदी सुरू झाली, विचारू नका. सिस्टरचं काम वॉर्डातलं. प्रत्येक नट वेगळ्या ट्रेमध्ये, प्रत्येक ट्रेवर चिकटपट्टी, पट्टीवर मार्करने 'डावा, वरचा'. अप्पांचं काम डेपोतलं. सगळे नट एका डब्यात, आणि बसवताना जो हाताला लागेल तो.

"अप्पा, माहितीपुस्तिकेत लिहिलंय की बॅटरी काढल्यावर दहा मिनिटं थांबायचं."

"पुस्तिका लिहिणारा कधी गाडीखाली झोपलाय का?"

"थांबायचं म्हणजे थांबायचं!"

थांबले. पण दहाच्या दहा मिनिटं तोंडाचा पट्टा चालू.

पुस्तिकेत आणखी एक गोष्ट ठळक अक्षरांत होती. स्टिअरिंगची दांडी खाली गिअरपासून सोडवायच्या आधी चाकं सरळ करा आणि वरचं स्टिअरिंग पक्कं बांधून टाका. कारण दांडी सुटली की स्टिअरिंग अगदी मोकाट फिरतं, आणि त्याच्या मागे एक पातळ पट्टी गुंडाळलेली असते. हॉर्नची आणि एअरबॅगची वायर त्या पट्टीतून जाते. स्टिअरिंग एखादा फेरा जास्तीचं फिरलं आणि तसंच जोडलं, की पुढे वळण घेताना पट्टी तुटते. एरवी किल्ली काढून कुलूप लावलं तरी भागतं; पण या गाडीत कुलूप लागलं की दांडीचा बोल्ट नेमका आतल्या बाजूला दडायचा, म्हणून किल्ली आतच ठेवावी लागली होती. मग सिस्टरने एक नवंकोरं क्रेप बँडेज आणलं आणि स्टिअरिंग सीटच्या दांड्याला आवळून बांधलं. वर मार्करने लिहिलं, 'सोडू नये'.

अप्पा गाडीखालून डोकं बाहेर काढून हसले. "काय गं, स्टिअरिंगला फ्रॅक्चर झालंय का?"

"हसा. डेपोतल्या बसला एअरबॅग नव्हती."

"माणसं होती. आम्ही चाळीस वर्षांत एकदासुद्धा स्टिअरिंग बांधलं नाही, सूनबाई."

इथपर्यंत सगळा शहाणपणा सिस्टरच्या बाजूला होता, हे लक्षात ठेवा.

दांडी सुटली. पण चाकाकडचा उजवा सांधा काही सुटेना. गंजून असा चिकटला होता की बस्स. सिस्टर म्हणाली, पुलर लावा, तो सांधा ओढून काढतो, त्यासाठीच मागून आणलाय. अप्पा म्हणाले, त्याला दोन टोले हवेत. पुलर, टोले, पुलर, टोले, असं अर्धा तास चाललं. शेवटी अप्पांनी हातोडा उचललाच. पहिला टोला बसला, दुसरा निसटला आणि मनगट जोरात ब्रेकच्या तबकडीवर आपटलं.

"आई गं!"

एवढंच ओरडले, पण तोंड पांढरंफटक पडलं. सिस्टरने त्यांना काखेत धरून उठवलं आणि पहिली जागा दिसली तिथे बसवलं, म्हणजे गाडीतच, ड्रायव्हरच्या सीटवर. मनगट दाबून पाहिलं. हाड शाबूत होतं, मुरगळलं होतं आणि बघता बघता फुगत होतं. औषधांची पेटी घरात, वरच्या फळीवर. बँडेज समोर, हाताच्या अंतरावर. अकरा वर्षांचा सराव असलेला हात, तो काय विचारायला थांबतो? सोडलं, गुंडाळलं, गाठ मारली. अर्ध्या मिनिटाचं काम. स्टिअरिंगचं बँडेज अप्पांच्या मनगटावर गेलं, आणि आपण काय केलं हे बाईंच्या डोक्यात शिरलंसुद्धा नाही.

मग अप्पा उतरायला गेले. चांगल्या हाताने त्यांनी स्टिअरिंग धरलं आणि स्वतःला ओढलं. मोकाट स्टिअरिंग त्यांच्याबरोबर डावीकडे गरकन पाऊण फेरा फिरलं, अप्पांचा तोल गेला, तिने झेप घेऊन कमरेला धरलं. सगळं लक्ष म्हाताऱ्याकडे. स्टिअरिंगकडे कोण बघतो! त्या दिवसाचं काम तिथेच थांबलं.

रविवारी सकाळी अप्पा लांब बाह्यांचा सदरा घालून हजर. "आज हातोडा मी हातात धरणार नाही," म्हणाले. यालाच ते माघार समजतात. पुलर सिस्टरने फिरवला, सांधा सुटला, आणि पुलरच बरोबर होता असं अप्पा काही म्हणाले नाहीत. जुना गिअर काढायला दोघांना दीड तास लागला. नवा चढवताना तो तीनदा अडकला. एकदा उलटा धरला म्हणून, एकदा वायर मधे आली म्हणून आणि एकदा कशासाठी ते शेवटपर्यंत कळलं नाही. सिस्टर आयुष्यात कधी शिव्या देत नाही. त्या सकाळी तिने दोन दिल्या. दोन्ही अप्पांच्या कमी ऐकू येणाऱ्या कानाच्या बाजूने.

बारा वाजता दांडी जोडायची वेळ आली. सिस्टर वर सीटवर, अप्पा खाली. घामाने डोळे चुरचुरत होते, पाठीचं लाकूड झालं होतं. समोर बघते तर स्टिअरिंग वाकडं, वर असायची ती मधली खूण उजवीकडे बघतेय.

"हे वाकडं कसं झालं?" ती स्वतःशीच पुटपुटली आणि थोडं डावीकडे ढकलून खूण वर आणली. पाऊण फेरा आधीचा, पाव हिचा. झाला पुरा एक फेरा. दिसायला स्टिअरिंग अगदी नाकासमोर सरळ. बँडेज जागेवर नाही हे डोळ्यांना दिसत होतं, पण डोकं बधिर झालेलं असलं की डोळ्यांचं कोण ऐकतो?

"सरळ आहे का?" खालून आवाज आला.

"सरळ आहे, अप्पा. आवळा."

अप्पांनी आवळलं.

चार वाजता शेजारचा गाड्यांचा वायरिंगवाला त्याचं तपासणीचं यंत्र घेऊन आला. असला गिअर नुसता बसवून भागत नाही, त्याला गाडीची ओळख करून द्यावी लागते. वीस मिनिटं बटणं दाबून झाली आणि डॅशबोर्डवरचा स्टिअरिंगचा दिवा विझला. अप्पांनी टाळी वाजवली आणि मनगट धरून कळवळले. सिस्टरला तर रडूच यायचं बाकी होतं. गाडी खाली उतरवली. एका बोटाने स्टिअरिंग फिरत होतं. लोण्यासारखं!

"गल्लीच्या टोकाला जाऊन वळवून आण," वायरिंगवाला म्हणाला. "दोन्हीकडे पूर्ण वळव, काही घासतंय का बघ."

ती गेली. टोकाला स्टिअरिंग डावीकडे पूर्ण वळवलं. टक्. एवढासाच आवाज. नख तोडल्याइतका. आणि डॅशबोर्डवर एअरबॅगचा लाल दिवा लागला. तिने हॉर्न दाबला. मुका. पुन्हा दाबला, मग मुठीने दाबला, मग दोन्ही हातांनी. समोरून चाललेल्या बाईने तिच्याकडे बघून वाट बदलली.

परत आणून गाडी उभी केली. वायरिंगवाल्याने यंत्र लावलं, आत डोकं घातलं आणि मान हलवली. "मागची पट्टी तुटली. दांडी सुटलेली असताना कोणीतरी स्टिअरिंग फिरवलंय. पुरा एक फेरा."

"नवी पट्टी?"

"उद्या सांगितली तर बुधवारी. लवकरात लवकर."

"हॉर्नला मी वेगळं बटण बसवतो," अप्पा घाईघाईने म्हणाले. "बसला बसवायचो की आम्ही. तासाभराचं काम."

"आणि लाल दिवा?" सिस्टरने विचारलं.

"तो एअरबॅगचा आहे," वायरिंगवाला म्हणाला. "त्याच्याशी मी खेळत नाही, आणि तुम्हीही खेळू नका."

झालं. दोन दिवसांचं सगळं साचलेलं होतं ते तिथे फुटलं.

"मी बांधून ठेवलं होतं!" सिस्टरचा आवाज गल्लीभर गेला. "वर लिहून ठेवलं होतं, सोडू नये म्हणून! कोणी सोडलं?"

अप्पांनी तोंड उघडलं. मग एकदा आपल्या हाताकडे पाहिलं आणि बाही खाली ओढून घेतली.

"माझ्या हातून सुटलं असेल," ते म्हणाले.

"असेल? असेल म्हणजे काय? चाळीस वर्षांत कधी बांधलं नाही ना तुम्ही! मग हे कशाला राहू द्याल? तुम्हाला कोणाचं ऐकायचंच नसतं! पुलर नको, पुस्तिका नको, गॅरेज नको! उद्या नऊ वाजता मी काय घेऊन जाऊ तिथे? ही मुकी गाडी? कोणासाठी सोडली मी रात्रपाळी, माझ्यासाठी? तुम्ही तिथे फरशीवर चार तास पडून होतात म्हणून सोडली! तुमच्यासाठी! आणि तुम्ही..."

वायरिंगवाल्याने आपलं यंत्र गुंडाळलं आणि, "बुधवारी येतो, सिस्टर," असं हळूच म्हणून सटकला. अप्पा मान खाली घालून ट्रेमधले उरलेले नट उगाचच मोजत बसले.

ती आत गेली. तोंडावर पाणी मारलं, चहा टाकला. रागाच्या भरातसुद्धा कप दोनच काढले, कारण सवय. बाहेर येऊन एक कप अप्पांपुढे धरला. अप्पांनी घ्यायला हात पुढे केला, बाही मागे सरकली. मनगटावरच्या बँडेजवर, ग्रीसच्या डागाशेजारी, तिच्याच अक्षरात उलटं लिहिलेलं होतं, 'डू नये'. पहिलं अक्षर गाठीखाली गेलेलं.

सिस्टर बघतच राहिली. शनिवार दुपार पुरतीच्या पुरती तिच्या डोळ्यांपुढे उभी राहिली. सोडलं, गुंडाळलं, गाठ मारली. आणि आज बारा वाजता, सरळ आहे अप्पा, आवळा.

"हे मी सोडलं," ती म्हणाली.

"चहा सांडेल," अप्पा म्हणाले.

"अप्पा, हे मी सोडलं! तुम्हाला ठाऊक होतं?"

"वायरिंगवाला बोलला तेव्हा कळलं."

"मग बोलला का नाहीत? मी चारचौघांत तुम्हाला एवढं वाट्टेल ते..."

"स्टिअरिंगला धरून उतरलो तो मीच ना? आणि टोलाही माझाच चुकला," अप्पा म्हणाले. "त्यात तुझं काय?"

तिला इतकी लाज वाटली की चहाचा कप तिने तसाच जमिनीवर ठेवला. माफ करा असं म्हणाली, ते अप्पांना ऐकू गेलं की नाही कोण जाणे. नशीब बघा, ती त्याच कानाच्या बाजूला बसली होती. मग तिने फोन उचलला आणि इन्चार्जबाईंना लावला. गाडी उद्या पास होणार नाही, चूक माझी आहे, बुधवारपर्यंत दुरुस्त होईल, असं सरळ सांगितलं. इन्चार्जबाई वाईट नव्हत्या, पण नियम म्हणजे नियम. उद्याची जागा यादीतल्या पुढच्या बाईला द्यावी लागेल. पुढची तपासणी एक महिन्याने, तेव्हा या.

"एक महिना," सिस्टरने फोन खाली ठेवून सांगितलं.

"महिनाच ना?" अप्पा एकदम जोरात म्हणाले. "तुझ्या वॉर्डात माणसं कमी आहेत, मेट्रनबाई कधीही ये म्हणाल्यात. कर महिनाभर रात्रपाळी. महिना काय, असा निघून जातो. आणि मला काय धाड भरलीये?"

दुसरा मार्ग तरी कुठे होता? ती उठून आत गेली, वॉर्डच्या मेट्रनबाईंचा नंबर काढला आणि फोन कानाला लावला. घंटा वाजायला लागली.

अप्पा मागोमाग दारापर्यंत आले होते. चौकट धरून उभे राहिले. चांगल्या हाताने.

"सूनबाई."

"काय, अप्पा?"

"तीन आठवडे थांबायचं माझ्याच जिवावर आलं होतं गं. म्हणून तर मी करतो म्हणालो." ते थांबले. "पडल्यापासून मी रात्रीचा झोपत नाही. दिवे लावून खुर्चीत बसून राहतो, तू येईपर्यंत. उठायलाच नको, म्हणजे पडायला नको. तुझी किल्ली दारात वाजली की मग जाऊन आडवा होतो. तुला वाटतं मी उशिरा उठतो."

फोनमधून मेट्रनबाईंचा आवाज आला. "हॅलो? हॅलो, कोण?"

सिस्टरने फोन बंद केला आणि अप्पांचा हात धरून त्यांना आत घेतलं.